आईबाबांचा संगणक उघडत नाही तेव्हा

शुक्रवारी सकाळी घरी फोन लावला की पूर्वी तब्येत, पाऊसपाणी आणि लग्नकार्ये एवढेच विषय निघत. आता त्यांत एकाची भर पडली आहे : "अरे, हा संगणक मला आतच घेत नाही!" पेन्शनचे कागद, बँकेचे व्यवहार, नातवंडांचे फोटो, सारे त्याच्या पोटात. तिकडे त्यांचा धीर सुटतो आणि इकडे आपला.

अशा वेळी पहिला प्रश्न "काय केलंत?" हा नसावा. "पडद्यावर काय दिसतंय?" हा असावा. जमल्यास मोबाईलवर फोटो मागवावा. रोग कळल्याशिवाय औषध नाही.

पासवर्ड चुकीचा म्हणत असेल तर कॅप्स लॉक पाहावे. आपल्याकडे आणखी एक कारण असते : कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो. भाषेची खूण खाली उजव्या कोपऱ्यात दिसते. दुसरा घोळ पिन आणि पासवर्डचा. पिन त्या एकाच यंत्रापुरता असतो, पासवर्ड मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा. पिन विसरला तरी 'साइन-इन ऑप्शन्स'मधून पासवर्डने बहुधा आत जाता येते.

तिसरा प्रकार निळ्या पडद्याचा. माझ्या मामांच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड दुरुस्तीत बदलला आणि यंत्र ४८ आकडी 'रिकव्हरी की' मागू लागले. मामांनी सहा वर्षे खपून टाइप केलेला कुलवृत्तान्त त्यातच होता. दुकानदार म्हणाला, "फॉरमॅट मारू." तसे केले असते तर सहा वर्षांचे काम गेले असते. हे बिटलॉकरचे कुलूप. नव्या विंडोज यंत्रांत ते पुष्कळदा आपोआप लागते आणि त्याची किल्ली मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. मामांच्या खात्याचा पासवर्ड कालनिर्णयाच्या मागच्या पानावर सापडला. खात्याला मोबाईल नंबर मामेबहिणीचा होता, म्हणून कोड तिला आला. पडद्यावरच्या 'की आयडी'शी जुळणारी किल्ली शोधून तिने सहा-सहा आकडे फोनवर सांगितले. गंमत अशी, की सहा आकड्यांच्या प्रत्येक गटाला ११ ने निःशेष भाग जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर यंत्र त्या गटापाशीच अडवते. कुलवृत्तान्त वाचला.

अशी वेळ मोठमोठ्या कचेऱ्यांवरही येते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले, तेव्हा अनेक ठिकाणी एकेका यंत्रावर अशीच किल्ली घालावी लागली.

खरा धोका मात्र वेगळाच. घाबरलेला माणूस इंटरनेटवर 'हेल्पलाइन' शोधतो आणि ठकाच्या हाती सापडतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कोणतेही ॲप घालू नये, ओटीपी सांगू नये. पैसे गेलेच तर भारतात ताबडतोब १९३० वर कळवावे.

तेव्हा मंडळी, यंदा सुट्टीत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात एक तास काढा. पहिल्याच आठवड्यात अशासाठी, की जुना नंबर बंद पडला असेल आणि खात्याची सगळी ओळखमाहिती बदलावी लागली तर ३० दिवसांची वाट पाहावी लागते. खात्यात त्यांच्या चालू नंबराबरोबर तुमचा ईमेलही घाला. रिकव्हरी की छापून घराच्या कागदपत्रांत ठेवा आणि ती कोणत्या यंत्राची ते वर लिहा. प्रयोगशाळेत लेबल नसलेली बाटली कितीही मोलाची असली तरी फेकूनच द्यावी लागते! एक प्रत आपल्याजवळ असू द्या. ऑगस्ट १९९० मध्ये ज्यांनी कुवेत सोडले, त्यांना दुसऱ्या प्रतीचे मोल सांगायला नको.

आणि हे सारे करताना माऊस त्यांच्याच हातात राहू द्या. वेळ लागेल. पण पुढच्या खेपेला कुलूप लागले, तर ते त्यांचे त्यांना उघडता येईल.