पिसं झडली, अंडी थांबली

मुंबईच्या आरे कॉलनीतल्या पाड्यांवर आजही अंगणात गावठी कोंबड्या चरताना दिसतात. पावसाळा सरला की त्यातली एखादी अचानक भुंडी दिसू लागते आणि घरच्यांना रोगाची शंका येते. बहुतेकदा तो रोग नसतोच. दिवस आखडू लागला की कोंबडी जुनी पिसं टाकते: आधी डोकं आणि मान, मग छाती-पाठ, शेवटी पंख आणि शेपूट. पिसांत 85 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. ही पिसं नव्याने घडवायची, म्हणून दोन-तीन महिने अंडी बंद. अशा वेळी नुसती कणी घालू नका. बिनमिठाचा सुका जवळा द्या. मुंबईत तो मिळायला काय अडचण!

क्रम चुकला तर मात्र नीट बघा. फक्त पाठ उघडी पडली असेल तर दोष बहुधा कोंबड्याचा. शेपटीखाली पिसं गेली असतील तर उवा, नाहीतर दाटीमुळे एकमेकींना टोचणं. लाल माइट दिवसा खुराड्याच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात, म्हणून अंधारात बॅटरी घेऊन तपासा. जखम दिसली तर ती कोंबडी लगेच वेगळी ठेवा. रक्त दिसलं की बाकीच्या टोचायच्या थांबत नाहीत.