कर्जाचे कागद आहेत, सल्ला कोण देणार?

१९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब मुंबईला परतले. त्यानंतर त्यांनी शेअर बाजारातील व्यवहारांबाबत सल्ला देणारी एक कंपनी काढली होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाच्या सल्ल्यात खोट असण्याचे कारण नव्हते. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके फिरकेनाशी झाली आणि कंपनी गुंडाळावी लागली. जयंतीच्या भाषणांत आमचे वक्ते हा प्रसंग क्वचितच सांगतात. धंद्यात जात काय करते, हे समजायला मात्र तो पुरेसा आहे.

आज चित्र बदलले, असे आम्हाला सांगितले जाते. थोडे बदललेही आहे. २००५ साली पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, उभी राहिली. अकोला जिल्ह्यातून आलेल्या कल्पना सरोज यांनी बंद पडलेली कमानी ट्यूब्स सावरली. ५ एप्रिल २०१६ रोजी स्टँड अप इंडिया योजना आली. बँकेच्या प्रत्येक शाखेने अनुसूचित जाती-जमातीच्या किमान एका व्यक्तीला १० लाख ते १ कोटी रुपये कर्ज द्यावे, असे त्यात होते. त्याआधी २०१२च्या खरेदी धोरणाने केंद्रीय खात्यांच्या व सरकारी कंपन्यांच्या खरेदीतले ४ टक्के आमच्या उद्योजकांसाठी राखले. प्रत्यक्ष खरेदी त्या आकड्यापासून वर्षानुवर्षे दूरच राहिली, हा भाग वेगळा!

मग अडते कुठे? व्यापारी जातीतला पोरगा बाराव्या वर्षी मामाच्या गादीवर बसतो. कोणता ठेकेदार पैसे बुडवतो, माल उधार किती दिवस द्यायचा, बँकेच्या साहेबाशी काय बोलायचे, हे त्याला फुकटात कळते. त्याचा पहिला धंदा बुडाला तर सासरा दुसरा काढून देतो. आमच्या पोराचा बाप गिरणीत नाहीतर महापालिकेत. पोरगा प्रकल्प अहवाल घेऊन बँकेत जातो, साहेब तारण मागतो, पोरगा परत येतो. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बँकांना बजावले होते. हे त्याला सांगणार कोण?

सांगणारे आमच्याच वस्तीत राहतात. आरक्षणाने आम्हाला शाखाधिकारी दिले, विक्रीकर निरीक्षक दिले, बांधकाम खात्याचे अभियंते दिले. निविदेचा कागद कोणत्या रकान्यात बाद होतो, हे ज्याने तीस वर्षे टेबलामागे बसून पाहिले, तो निवृत्त होऊन सोसायटीच्या बाकावर वर्तमानपत्र वाचतो आहे! १९७८ साली मान्यवर कांशीराम यांनी बामसेफ उभारली ती याच नोकरदार वर्गाच्या भरवशावर. समाजाचे ऋण फेडा, म्हणजे वेळ, बुद्धी आणि पैसा द्या, हे तिचे म्हणणे. पैसा काहींनी दिला. बुद्धी आणि वेळ अजून बाकी आहे.

काही मित्र विचारतात, १९३८ साली मनमाडला बाबासाहेबांनी ब्राह्मणशाहीबरोबर भांडवलशाहीलाही शत्रू म्हटले, मग हा उद्योगांचा सोस कशाला? प्रश्न प्रामाणिक आहे. पण चार कामगार ठेवून फॅब्रिकेशनचे शेड चालवणाऱ्याला भांडवलदार म्हणणे आम्हाला पटत नाही. त्याने कामगाराला किमान वेतन दिले की नाही, हे मात्र आम्ही विचारू.

या शेडवाल्याला मारतो तो तोटा नव्हे, थकलेले बिल. माल घेणारी कंपनी सहा-सहा महिने पैसे देत नाही आणि तो ‘संबंध बिघडतील’ म्हणून गप्प राहतो. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते आणि तक्रारीसाठी राज्यात सुविधा परिषद आहे. एकट्याने तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाते, ही भीती खोटी नाही. म्हणूनच त्याच्यामागे दहाजण हवेत.

स्पर्धा परीक्षांसाठी आम्ही विहाराविहारांत अभ्यासिका काढल्या. तसेच रविवारी वंदनेनंतर दोन तास एक टेबल मांडा. एक निवृत्त बँकवाला, एक करसल्लागार, आणि धंद्यात एकदा बुडून पुन्हा उभा राहिलेला एकजण बसवा. जयंती मंडळाच्या वर्गणीचा हिशेब चोख ठेवणारा पोरगा प्रत्येक वस्तीत असतो. समोरची पहिली खुर्ची त्याला द्या.