सूत्रधाराची पालटती भूमिका : मुकादमापासून प्रकल्प-व्यवस्थापकापर्यंत

‘प्रकल्प’ हा शब्द आमच्या पेढ्यांवर आजही थोडा परकाच वाटतो. धरण, कारखाना, रेल्वे यांचा तो शब्द. कापड, किराणा, धान्य किंवा सराफीच्या दुकानाशी त्याचा काय संबंध, असे अनेक सभासद बंधूंना वाटत असावे. वस्तुतः नित्याचा धंदा आणि प्रकल्प यांतील भेद व्यापाऱ्याइतका दुसऱ्या कोणास लवकर उमगू नये. दुकान रोज उघडते व रोज बंद होते. त्या व्यवहाराला अखेर नसते. परंतु नवे गोदाम बांधणे, दुसऱ्या गावी शाखा काढणे किंवा वहीखात्याचा सारा पसारा संगणकावर नेणे, ही कामे एकदा सुरू होतात आणि एकदा संपतात. ज्याला आरंभ आहे, अखेर आहे, ठरावीक पैसा आहे आणि जे पूर्वी नेमके त्याच रीतीने कोणी केलेले नाही, ते काम म्हणजे प्रकल्प. ते शेवटास नेण्याची जोखीम ज्याच्या शिरावर असते, त्या मनुष्याची भूमिका गेल्या शंभर वर्षांत कशी पालटत गेली, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

आरंभ आपल्याच समाजातील एका पुरुषापासून करणे उचित होईल. सोलापूरच्या व्यापारी घराण्यात 1882 साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद घरच्या धंद्यात न रमता रेल्वेच्या कंत्राटांकडे वळले. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव बळवंत फाटक हे त्यांचे भागीदार. एकापाशी भांडवल व साहस, दुसऱ्यापाशी रेल्वेच्या कामाची माहिती. या जोडीतून पुढे मोठमोठी बांधकामे उभी राहिली व भोर घाटातील बोगद्यांचे बिकट कामही पार पडले. त्या काळी कामावर देखरेख करणारा मनुष्य म्हणजे मुकादम किंवा ओव्हरसिअर. माणसांची हजेरी घेणे, मजुरी वाटणे, खडी-चुन्याचा साठा पाहणे आणि वेळप्रसंगी आवाज चढवून काम करून घेणे, हे त्याचे कर्तव्य. निर्णय मालक व इंजिनिअर घेत. मुकादमाने तो अंमलात आणावयाचा. त्याचा अधिकार आवाजात होता आणि त्याचे ज्ञान डोळ्यांत होते.

पहिले स्थित्यंतर कागदाने घडविले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतील हेन्री गँट यांच्या आडव्या पट्ट्यांच्या तक्त्यांचा प्रसार झाला. कोणते काम कधी सुरू व्हावे आणि कधी संपावे, हे एका दृष्टिक्षेपात दिसू लागले. त्यानंतर 1957 साली अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीत आणि 1958 साली तेथील नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामात अधिक सूक्ष्म पद्धती निघाल्या. त्यांतील ‘क्रिटिकल पाथ’ म्हणजे निर्णायक साखळीची कल्पना व्यापाऱ्याने अवश्य समजून घ्यावी, म्हणून एक घरगुती उदाहरण देतो.

समजा, दिवाळीपूर्वी दुकानाचे नूतनीकरण करावयाचे आहे. भिंतींच्या कामास 20 दिवस, त्यानंतर विजेच्या तारांस 6, मग गिलाव्यास 8, रंगास 7 आणि शेवटी फडताळे बसविण्यास 5 दिवस लागतात. ही कामे एकामागून एकच होऊ शकतात. त्यांची बेरीज 46 दिवस. याच अवधीत दुकानाची पाटी तयार व्हावयाची आहे. तिला 10 दिवस पुरतात. आता पाटीवाल्याने 10 दिवस उशीर केला, तरी मुहूर्त चुकत नाही; कारण त्याच्यापाशी 36 दिवसांची सवड आहे. परंतु वीजतंत्री एक दिवस आला नाही, तर मुहूर्त नेमका एक दिवस पुढे जातो. आमचे अनेक मालक पाटीवाल्यास रोज तगादा लावतात आणि वीजतंत्र्याकडे शेवटच्या आठवड्यात लक्ष देतात! कोठे रागवावे आणि कोठे निश्चिंत राहावे, हे सांगणारे हे शास्त्र आहे. या शास्त्राने मुकादमाचा नियोजक झाला.

तथापि, नियोजन म्हणजे यश नव्हे, हे आपल्या प्रदेशाने कोकण रेल्वेच्या रूपाने प्रत्यक्ष पाहिले. 1990 साली स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळाचे पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक श्री. ई. श्रीधरन होते. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे 740 किलोमीटरचा हा मार्ग. त्यावर 90 हून अधिक बोगदे व सुमारे दोन हजार लहानमोठे पूल. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तर पानवलचा पूल दरीतळापासून सुमारे 64 मीटर उंच. रेल्वे मंत्रालय आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही चार राज्ये भागधारक झाली. बराचसा पैसा रोख्यांच्या द्वारे उभा राहिला. पैशावर व्याज चढत असताना प्रत्येक दिवसाचा विलंब किती महाग पडतो, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको.

श्रीधरन यांनी मार्गाचे सुमारे शंभर-शंभर किलोमीटरचे सात विभाग पाडले व प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमून त्यास जागच्या जागी निर्णय घेण्याचा अधिकार दिला. उरलेले दिवस मोजून दाखविणारी त्यांची उलटी घड्याळे तर सर्वश्रुत आहेत. परंतु घड्याळाने जे सुटले नाही, तेच अधिक बोधप्रद आहे. गोव्यात मार्गाच्या आखणीस लोकांचा विरोध झाला. शेतीचे, खाजणांचे व जुन्या गोव्याच्या वारशाचे काय होणार, असे प्रश्न उठले. 1993 मध्ये काम काही काळ थांबून चौकशी झाली. पेडण्याचा सुमारे दीड किलोमीटरचा बोगदा मऊ, पाणथळ मातीतून जात असल्याने पुनःपुन्हा ढासळला व त्याने वर्षानुवर्षे खाल्ली. अखेर 26 जानेवारी 1998 रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. त्याच पेडण्याच्या बोगद्यात ऑगस्ट 2020 मध्ये भिंतीचा भाग कोसळला आणि जुलै 2024 मध्ये पाणी शिरून गाड्या थांबल्या. उद्घाटनाच्या फितीपाशी काम संपत नाही, त्या कामाचा उपयोग पुढच्या पिढ्यांनी करावयाचा असतो, हा धडा यातून मिळतो.

असाच अनुभव हैदराबादच्या बांधवांनी घेतला. मेट्रोचा मार्ग सुलतान बाजारातून जाणार म्हटल्यावर तेथील व्यापाऱ्यांनी विरोध केला, कारण प्रश्न त्यांच्या दुकानांचा होता. वाद बराच काळ चालला आणि त्या बाजारातून जाणारा मार्ग 2020 च्या फेब्रुवारीत सुरू झाला. मुकादमाच्या काळी ज्यांचे म्हणणे कोणी विचारले नसते, त्यांच्याशी बोलणे हाच आज प्रकल्प-व्यवस्थापकाच्या कामाचा मोठा भाग झाला आहे. त्याची खरी कसोटी खडकापेक्षा माणसांपाशी लागते.

आता दुसरे स्थित्यंतर आपल्या डोळ्यांदेखत चालू आहे. वेळापत्रक संगणक आखतो, खर्चाची बेरीज तोच करतो, सभेचे इतिवृत्तही यंत्राच्या बुद्धीने क्षणात लिहून निघते. एकाच कामावरील माणसे पुणे, इंदूर, बेंगळुरू आणि परदेश अशा चार ठिकाणी बसलेली असतात. संगणकाच्या क्षेत्रातील 17 जाणकारांनी 2001 साली अमेरिकेत एकत्र येऊन असे मत मांडले की, आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला सामोरे जाणे अधिक मोलाचे. पुढे 2021 मध्ये या व्यवसायाच्या जागतिक संस्थेने आपल्या मार्गदर्शक ग्रंथाच्या सातव्या आवृत्तीत कार्यपद्धतींच्या जंत्रीऐवजी 12 तत्त्वांना अग्रस्थान दिले. तात्पर्य, ‘काम वेळेत व ठरल्या पैशात झाले का?’ एवढ्याच प्रश्नावर आता भागत नाही. ‘ज्या हेतूने केले तो साधला का?’ हा प्रश्नही त्याच माणसास विचारला जातो.

मग यंत्राने हिशेब उचलल्यावर माणसाकडे काय उरले? आमच्या मते तीन गोष्टी उरल्या, आणि त्या तिन्ही कठीण आहेत. पहिली, दोन योग्य मागण्यांपैकी एकीस ‘नाही’ म्हणण्याचा विवेक. दुसरी, ज्यांच्यावर आपली हुकमत चालत नाही अशा माणसांकडून राजीखुशीने काम करून घेणे. तिसरी, वाईट बातमी वेळीच मालकाच्या कानावर घालण्याचे धैर्य.

येथेच आपल्या पेढ्यांचा प्रश्न उभा राहतो. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांनाही ई-बीजके बंधनकारक झाली. अशा वेळी जुनी पद्धत मोडून नवी बसविणे हा लहानसा प्रकल्पच होता. अनेक ठिकाणी ते काम मुनीमजींवर किंवा नुकत्याच शिकून आलेल्या मुलावर सोपविण्यात आले. परंतु पाच हजारांचे यंत्र घ्यावयाचे तरी शेठजींची परवानगी, आणि विलंब झाला तर बोल मात्र त्यालाच. जबाबदारी दिली, पण अधिकार तिजोरीतच राहिला! परक्या कंपनीत कोट्यवधींचे प्रकल्प सांभाळणारी आपलीच मुले घरच्या पेढीवर परतण्यास का कचरतात, याचे एक कारण आम्हांस येथे दिसते. वडीलधाऱ्यांच्या मायेविषयी त्यांस शंका नसते. आपल्या शब्दाला तेथे वजन राहील की नाही, याची शंका असते.

याचा अर्थ वडिलांनी सूत्रे टाकून द्यावीत, असा मुळीच नाही. पैसा त्यांचा, पतही त्यांची. परंतु एखादे काम कोणाकडे सोपविताना चार गोष्टी कागदावर याव्यात, अशी आमची नम्र सूचना आहे : काम केव्हा पुरे झाले असे समजावयाचे, न विचारता किती खर्च करता येईल, कोणत्या बाबीत विचारलेच पाहिजे, आणि आठवड्यातून कोणत्या वारी बसून आढावा घ्यावयाचा. पाचवी गोष्ट कागदावर येत नाही, ती मनात ठेवावी : जो उशिराची बातमी लवकर आणतो, त्याच्यावर संतापू नये. त्याच्यावर संताप झाला की पुढली बातमी येतच नाही, आणि मग नुकसान थेट ताळेबंदात दिसते.

वालचंद शेठजींना फाटकांवर विश्वास टाकावा लागला. श्रीधरन यांना सात अभियंत्यांवर टाकावा लागला. साधने बदलली, हुकमाची जागा समजुतीने घेतली, कागदाची जागा पडद्याने घेतली; पण मोठे काम एकट्याच्या हाताने होत नाही, हे मात्र तसेच राहिले. आपल्या पूर्वजांनी केवळ शब्दावर दूरदूरच्या पेठांत आडतीचे व्यवहार चालविले. तोच विश्वास आपण आता आपल्या घरच्या तरुणांवर व जुन्या सेवकांवर, अधिकारासह, टाकावा. येत्या वर्षी प्रत्येक पेढीने एक तरी काम या रीतीने करून पाहावे आणि त्याचा अनुभव, बरा असो वा वाईट, संघाच्या सभेत बंधूंपुढे मांडावा, अशी आमची विनंती आहे.