उसन्या संदर्भाचा तपास

पायथन भाषेतला प्रोग्रॅम चुकला, तर तो कोणत्या फायलीत, कोणत्या ओळीवर आणि कोणत्या कारणाने चुकला याचा रीतसर तपशील सादर करून मगच थांबतो. परंतु वेगाच्या अपेक्षेने त्याच्या अंतर्भागात बसविलेल्या सी भाषेतील कोडने भलत्याच स्मृतीला हात घातला, म्हणजे ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढे दोन शब्द मागे ठेवून सारी प्रक्रियाच तत्क्षणी संपुष्टात येते.

अशा वेळी सी-भाग ऑप्टिमायझेशन बंद ठेवून नव्याने कंपाइल करावा, इंटरप्रिटर जीडीबी या डीबगरच्या ताब्यात द्यावा, आणि आपली लायब्ररी अद्याप लोड झालेली नसल्यामुळे ब्रेकपॉइंट प्रलंबित ठेवण्याची जीडीबीने मागितलेली परवानगी निःशंकपणे द्यावी, हा माझा परिपाठ. बॅकट्रेस मागविला की इंटरप्रिटरच्याच फ्रेम्सची लांबलचक रांग उभी राहते, आणि पुष्कळदा तीत आपल्या कोडचे नावही नसते. कारण मूळ अपराध केव्हाच घडून गेलेला असतो.

तो बहुधा संदर्भगणनेतला असतो. प्रत्येक वस्तू आपल्याकडे येणाऱ्या संदर्भांची संख्या स्वतःजवळ बाळगते, ती शून्यावर आली की नष्ट होते, आणि सी लिहिणाऱ्याला हा हिशेब सावकाराच्या कीर्दीसारखा स्वहस्ते ठेवावा लागतो. ‘पायलिस्ट_गेटआयटम’ हे फंक्शन यादीतला घटक देते तो उसना. आपल्या नावे त्याची नोंद न करता यादीतील दुसऱ्या स्थानी नवी वस्तू ठेवली, आणि तेथून बाहेर पडलेल्या वस्तूच्या नाशसमयी चाललेल्या पायथन कोडने तो उसना घटकच यादीतून खोडला, तर हातातला पॉइंटर मोकळ्या झालेल्या स्मृतीकडे निर्देश करीत राहतो. लहान वस्तूंची ही स्मृती पायथन आपल्याच साठ्यात राखत असल्यामुळे तेथे जुना मजकूर काही काळ तसाच वाचता येतो, आणि प्रोग्रॅम निरोगी असल्याचा भास होतो; म्हणून ३.६ आवृत्तीपासून उपलब्ध असलेली ‘पायथनमॅलॉक’ या पर्यावरण-चलाची डीबग व्यवस्था मला अमूल्य वाटते. ती सोडलेली प्रत्येक बाइट ठराविक खुणेने भरून टाकते, आणि ती खूण पॉइंटरमध्ये दिसली की संशयाला जागा उरत नाही.

मग घटक हाती घेताच गणना वाढविणारे ‘पाय_इन्क्रेफ’ आणि काम सरताच ती घटविणारे ‘पाय_डेक्रेफ’ लिहावे. मात्र चाचणीच्या यादीत लहान पूर्णांक भरू नयेत. उणे ५ ते २५६ हे अंक सीपायथन आरंभीच निर्माण करून कायम जिवंत ठेवतो, त्यामुळे दोष शिल्लक असूनही चाचणी बिनदिक्कत उत्तीर्ण होते.