पंचावन्न किलोतला पोरगा

नसरापूरहून वेल्ह्याकडे येणारा रस्ता मार्गासनीत फुटतो. एक फाटा साखर-गुंजवणेमार्गे राजगडाच्या पायथ्याला जातो, दुसरा सरळ वेल्ह्याला. भाताची झोडणी उरकली आणि जत्रांचे दिवस जवळ आले की अशा फाट्यांवर फ्लेक्स लागतात. वर पुढाऱ्यांचे हसरे चेहरे, मध्ये ठसठशीत अक्षरांत ‘भव्य कबड्डी स्पर्धा’. गडावर निघालेली पुण्याची मंडळी चेहरे बघून पुढे जातात. आमच्यासारखे कबड्डीवेडे खालची बारीक ओळ वाचतात : ‘५५ किलो वजनी गट. एक गाव एक संघ. पंचांचा निर्णय अंतिम.’

प्रो कबड्डीचा लिलाव टीव्हीवर दिसतो, म्हणून खेळाडूची निवड तिथे होते असं लोकांना वाटतं. माझं म्हणणं वेगळं आहे. लिलावात फक्त किंमत ठरते. निवड त्याच्या कितीतरी आधी या बारीक ओळीत झालेली असते.

सामन्याच्या दिवशी सकाळी मैदानापेक्षा वजनकाट्याभोवती जास्त गर्दी असते. दीड किलो जास्त भरलेला पोरगा उन्हात स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारत असतो. आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नाही, पाण्याचा घोटही नाही. काट्यावर चढताना तो बनियन काढतो, करगोटा सोडतो, शेवटी श्वास रोखून उभा राहतो, जणू श्वासालाही वजन आहे. काटा पंचावन्नावर थांबला की टाळ्या, आणि लगेच केळी-ग्लुकोज. मला हा प्रकार मनापासून आवडत नाही. सोळा-सतरा वर्षांचं पोर वाढीच्या वयात उपाशी ठेवायचं आणि दुपारी त्याच्याकडून चढाया करून घ्यायच्या, यात कसलं आलंय मर्दुमकीचं कौतुक! पण खरी पारखही इथेच होते. वरिष्ठ पुरुष गटाची मर्यादा ८५ किलो आहे. म्हणजे हा पोरगा पुढे जायचा तर त्याच्या हाडापेरात आणखी पंचवीस-तीस किलो स्नायू मावायला हवेत. जुनी जाणती माणसं त्याची चढाई नंतर बघतात, आधी त्याचं मनगट, खांदा आणि बापाची उंची बघतात.

काठावर बसून आम्हीही हेच करतो. नवखा प्रेक्षक चढाईपटूवर लट्टू होतो, कारण गुण त्याच्या नावावर दिसतात. मुरलेला प्रेक्षक डाव्या कोपऱ्याकडे डोळे लावून बसतो. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो, तेव्हा कोपऱ्यातला पोरगा झेपावतो की दम धरतो? घोटा पकडल्यावर शेजारचा मदतीला येईपर्यंत टिकतो की हात सुटतो? संघ पाच-सहा गुणांनी मागे पडल्यावर आरडाओरडा न करता जागेवर उभा राहणारा पोरगा दिसला की समजावं, हा पुढे जाणार.

‘एक गाव एक संघ’ या नियमावरून जेवढी भांडणं होतात, तेवढी निवडणुकीतही होत नसतील. पलीकडच्या गावाचा तगडा पकडपटू आजोळच्या नावावर खेळतो, आधारकार्ड काढलं जातं, मामा साक्षीला येतो. आपल्या गावाने बाहेरचा आणला की ती हुशारी, समोरच्याने आणला की लबाडी.

दहावी-बारावीनंतर पोरगा महाविद्यालयात जातो, आणि इथून पळवापळवी चोरून न होता राजरोस होते. जिल्हा-राज्य पातळीवर खेळलेल्याला क्रीडा सवलतीचे गुण मिळालेले असतात. क्रीडा शिक्षकांची नजर आधीपासून असतेच. फी माफ, वसतिगृहात खोली, रोजचं दूध-अंडी, असा साधा सौदा असतो. मग आंतरमहाविद्यालयीन, आंतरविभागीय, विद्यापीठाचा संघ, पश्चिम विभाग आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा अशी चढण. वयाची अट पंचविशीपर्यंतच.

अमेरिकेत हाच सौदा कॉलेज फुटबॉलमध्ये केवढा फोफावलाय, ते तिकडे राहणाऱ्या मराठी घरांतून ऐकायला मिळतं. शाळकरी मुलांना एक ते पाच तारे दिले जातात, डिसेंबर आणि फेब्रुवारीतल्या करारांच्या दिवसांची चाहते वर्षभर वाट पाहतात, आणि २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे-चेहऱ्याचे पैसे घेण्याचीही मुभा मिळाली. आमच्याकडे तारे नाहीत, पण चहाच्या टपरीवर प्रत्येक पोराचा भाव ठरलेला असतो.

आमच्याकडे पदवीपेक्षा नोकरी मोठी. राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, भारत पेट्रोलियम, महिंद्र यांच्या संघांत जागा मिळाली की घरचं निम्मं ओझं उतरतं. मुलींसाठी तर आजही हाच मुख्य रस्ता आहे. २०१२च्या पाटण्याच्या पहिल्या महिला विश्वचषकात भारतीय संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के अशा महाराष्ट्राच्या मुली होत्या, कपही आपणच जिंकला. पण २०१६ साली तीन संघांची महिला कबड्डी चॅलेंज झाली, ती पुन्हा भरली नाही. मुलांच्या लिलावात कोटी उडतात आणि तितकीच चपळ पोरगी भरतीच्या फॉर्मसाठी सायबर कॅफेत रांगेत उभी असते. ही गोष्ट माझ्यातल्या चाहत्याला सलते.

प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. पहिल्या लिलावात सर्वांत महागडा ठरलेला राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला. जानेवारी २०१८मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं आणि त्याच वर्षीच्या प्रो कबड्डी लिलावात कर्णधार रिशांक देवाडिगाला १ कोटी ११ लाख मिळाले. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई तेव्हा ३६ लाख ४० हजारांना यू मुंबात आला, पहिल्याच मोसमात चढाईचे दोनशेवर गुण घेतले आणि पुढच्या वर्षी १ कोटी ४५ लाखांना तेलुगू टायटन्सकडे गेला. २०२३मध्ये पवन सेहरावत २ कोटी ६० लाखांच्या पुढे पोचला. आकडे ऐकून गावातली म्हातारी माणसं हसतात, पोरं मात्र हिशेब करू लागतात.

मला स्वतःला या कोटींपेक्षा प्रो कबड्डीतली ‘नवे युवा खेळाडू’ ही वाट जास्त पटते. लिलावाच्या झगमगाटात न पडता संघ कोवळी पोरं हेरतात आणि घडवतात. पुणेरी पलटणने ‘युवा पलटण’मधून हेच केलं. अहिल्यानगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार याच वाटेने वर आला. तो आणि आकाश शिंदे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही होते. १ मार्च २०२४ला अस्लमच्या नेतृत्वाखाली पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं नमवून पहिलं विजेतेपद घेतलं. पंकज मोहितेने एका चढाईत चार गडी टिपले, तो क्षण आमच्याकडे अजून मोबाईलवर फिरतो. त्या संघात २ कोटी ३५ लाखांचा इराणी मोहम्मदरेझा शादलुईही होता, हे खरं. पैसा लागतोच. पण पलटणचा कणा घरी वाढलेल्या पोरांचा होता.

३१ ऑक्टोबर २०२५च्या अंतिम सामन्यात दबंग दिल्लीने पलटणला ३१-२८ असं हरवलं. तीन गुण! त्यावर आमच्याकडे अजून वाद चालू आहे, आणि यंदा जत्रेच्या सामन्यांत ५५ किलोच्या गटात डाव्या कोपऱ्याला कोण उभा राहतो, याकडे सगळ्यांचं लक्ष आहे.