वास असतो, लक्ष नसतं



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटाची मासिक बैठक एका ताईंच्या घरी होती. बाहेरच्या खोलीत आम्ही अकरा जणी रजिस्टर उघडून बसलो होतो. कर्जाच्या हप्त्यांचा मेळ लागत नव्हता, दीडशे रुपये कमी भरत होते. तिकडं चहाचं दूध उतू गेलं, बर्नर विझला आणि गॅस सुटत राहिला. आम्हांला पत्ताच नाही. एक मैत्रीण उशिरा, रानातून थेट आली. उंबऱ्यातच थांबून ओरडली, "अगं बायांनो, गॅस सुटलाय की!" तेव्हा कुठं आम्हांला वास आला. दोघीतिघींना तर तेव्हाही नीट येईना.

दारंखिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला, निभावलं. पण मनात प्रश्न राहिला. हवा तीच, वास तोच, मग अकरा नाकांना जे कळलं नाही ते एका नाकाला कसं कळलं? आजचं बोलणं त्याच्यावरच आहे.

आपल्या नाकात अगदी वरच्या बाजूला एक पातळ अस्तर असतं. श्वासाबरोबर वासाचे कण तिथं पोचतात आणि तिथल्या पेशी मेंदूला निरोप देतात. पण निरोप पोचला म्हणजे तो वाचला गेला, असं नाही. पोस्टमन पत्र टाकून जातो, घरातलं माणूस कामात असलं की पत्र तसंच पडून राहतं. वासाचंही तसंच आहे.

क्रिस्टिना झेलानो, नोम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हे मेंदूची चित्रं काढणाऱ्या यंत्रात तपासलं. माणसांना कधी आवाजाकडं, तर कधी वासाकडं लक्ष द्यायला सांगितलं. लक्ष वासाकडं असताना मेंदूच्या वास ओळखणाऱ्या भागात काम वाढलेलं दिसलं. म्हणजे लक्ष दिल्यानं मेंदूचं कामच बदलतं, ती नुसती बोलण्याची गोष्ट नाही.

पुढं २०१८ साली इंग्लंडमध्ये सोफी फॉर्स्टर आणि चार्ल्स स्पेन्स यांनी कॉफीचा वास असलेल्या खोलीत लोकांना बसवलं. काहींना डोळ्यांचं सोपं काम दिलं, काहींना किचकट. किचकट कामात गुंतलेल्यांपैकी बऱ्याच जणांना कॉफीचा वास जाणवलाच नाही. आमच्या दीडशे रुपयांनी आमचं हेच केलं होतं!

आता दुसरं कारण, सवय. गाळपाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्यानं एसटीतून येणारा पाहुणा मळीच्या वासानं नाकाला रुमाल लावतो आणि आपण विचारतो, "कसला वास?" एकच वास सारखा येत राहिला की नाक आणि मेंदू दोन्ही त्याची दखल घेणं कमी करतात. नवा वास चटकन कळावा, म्हणून ही सोय आहे. पण तिचा धोका असा, की पहिल्या दोन-चार मिनिटांत वासाकडं लक्ष गेलं नाही, तर नंतर तो जाणवणं आणखी अवघड होतं. दोघीतिघींना सांगूनही वास का येईना, ते आता कळलं. बाहेरून आलेलं नाक मात्र ताजं होतं.

तिसरी गोष्ट झोपेची. अमेरिकेत मेरी कार्स्काडन आणि रेचेल हर्झ यांनी २००४ साली झोपलेल्या माणसांना वास देऊन पाहिले. गाढ झोपेत उग्र वासानंही माणसं जागी झाली नाहीत. आवाजानं मात्र झोपलेलं माणूस जागं होतं. म्हणून "रात्री गॅस सुटला तर वासानं जाग येईल" या भरवशावर राहू नका.

आणि चौथी गोष्ट आपल्याच पुणे जिल्ह्यातली. करोनाच्या काळात, २०२० साली, पुण्याच्या आयसर संस्थेत निक्सन अब्राहम यांच्या गटानं वासाची क्षमता मोजणारं यंत्र बनवलं. लागण झालेली, पण काही लक्षण नसलेली माणसं त्यावर तपासली, तर बहुतेकांची वास ओळखण्याची ताकद घटलेली निघाली. नाक मंद झालं तरी माणसाला त्याचा पत्ता नसतो. म्हातारपणीही वास हळूहळू कमी होतो. घरात सासूबाई-सासरे एकटे स्वयंपाक करत असतील, तर हे ध्यानात ठेवा.

मग करायचं काय? स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं मर्कॅप्टन मिसळतात. ही राखण आपल्यासाठी ठेवलेली आहे, पण तिची हाक ऐकायला आपण जागेवर पाहिजे. म्हणून स्वयंपाकघरात शिरताना, लाईटचं बटण दाबायच्या आधी, एक श्वास मुद्दाम वासासाठी घ्या. रोज रात्री रेग्युलेटर बंद करा. वास आलाच तर काडी ओढू नका, कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका. रेग्युलेटर बंद करून दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर आल्यावर १९०६ या नंबरवर फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो. म्हणून खाली निजलेल्या लेकरांना आधी उचला.

हीच युक्ती धंद्यातही कामाला येते. दूध संकलन केंद्रावर जाणकार माणूस कॅनचं झाकण उघडल्या उघडल्या वास घेतो, कारण झाकणाखाली कोंडलेला वास थोड्याच वेळात उडून जातो. तेवढा वेळ तो कुणाशी बोलत नाही. आमच्या गटात मसाला कुटताना तासाभरानं खोबरं खवट आहे की नाही हे कळेनासं होतं. आता आम्ही एकीला बाहेरच ठेवतो. माल भरायच्या आधी ती येते, आम्ही गप्प बसतो आणि ती वास घेते. तिनं "नको" म्हटलं, की तो माल बाजूला.

पुढच्या बैठकीत रजिस्टर उघडायच्या आधी एवढं करा. एक जण उठून स्वयंपाकघरात जाऊन येऊ दे. हिशोबाचे दीडशे रुपये आम्हांला नंतर सापडले. एका ताईंचा हप्ता दुसरीच्या पानावर चढला होता. त्या दिवशी ती मैत्रीण आणखी थोडी उशिरा आली असती, तर रजिस्टर तपासायला कोण उरलं असतं?