लाल बावटा कसा उतरला? गैरसमज आणि वस्तुस्थिती

१९८९ मध्ये पूर्व युरोपातील कम्युनिस्ट सरकारे लोकांच्या रेट्यापुढे एकामागून एक कोसळली. मुंबईत शीवपासून लालबागपर्यंतच्या कामगार वस्त्यांतही एके काळी कम्युनिस्टांच्या लाल बावट्याचा दबदबा होता. तो का ओसरला, याची उत्तरे मात्र आजही अर्धवटच दिली जातात.

गैरसमज : मुंबईत कम्युनिस्टांकडे मोर्चे होते, सत्ता कधीच नव्हती.

वस्तुस्थिती : राज्य सरकार त्यांच्या हाती आले नाही, हे खरे. पण १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात स्थापन झालेली गिरणी कामगार युनियन चाळीचाळींत रुजली. शीवजवळच्या माटुंगा लेबर कॅम्पात अण्णा भाऊ साठे यांच्यासारखे शाहीर या चळवळीने घडवले. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ मध्ये कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले आणि १९५८ मध्ये कॉम्रेड एस. एस. मिरजकर मुंबईचे महापौर झाले.

गैरसमज : १९८२ च्या संपाने लाल बावटा संपवला.

वस्तुस्थिती : १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यांचे नेते डॉ. दत्ता सामंत कम्युनिस्ट नव्हते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटींचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. या मान्यताप्राप्त संघावर चिडलेला कामगार पूर्वी लाल बावट्याकडे वळत असे. या वेळी तो डॉ. सामंतांकडे गेला, कारण लाल बावट्याची पकड आधीच सैल झाली होती.

गैरसमज : परळची १९७० ची पोटनिवडणूक हाच शेवट.

वस्तुस्थिती : ५ जून १९७० रोजी आमदार कॉम्रेड कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना हरवून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. घाव खोल होता, पण शेवटचा नव्हता. जानेवारी १९७४ मध्ये याच पट्ट्यातून भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे लोकसभेची पोटनिवडणूक जिंकल्या. दलित पँथरच्या बहिष्कारामुळे काँग्रेसची मते घटली, हेही त्या विजयाचे एक कारण होते.

गैरसमज : जे झाले ते सगळे विरोधकांनी केले.

वस्तुस्थिती : कार्यकर्त्यांवरचे हल्ले नाकारता येणार नाहीत. पण पक्षाच्या स्वतःच्या निर्णयांनीही माणसे दुरावली. गिरण्यांच्या विणकाम खात्यात दलित कामगारांना घेतले जात नसे. ही बंदी उठवण्याची मागणी १९२८ च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आग्रहाने पुढे रेटावी लागली. कामगारांची एकजूट सांगणाऱ्या नेत्यांना ती आपणहून सुचायला हवी होती. १९६४ मध्ये पक्ष फुटला. १९७५ मध्ये डांग्यांच्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला आणि १९७७ मध्ये मुंबईतली जागा गमावली. त्याच निवडणुकीत आणीबाणीत तुरुंग भोगलेल्या, फुटून निघालेल्या मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्या रांगणेकर मुंबईतूनच निवडून आल्या. मतदारांचा राग लाल रंगावर नव्हता, हे यातून दिसते.

गैरसमज : कम्युनिस्ट राजवटी परकीय कारस्थानानेच पडतात.

वस्तुस्थिती : मुंबईतील संपाच्या पाचच आठवडे आधी, १३ डिसेंबर १९८१ रोजी, पोलंडच्या कम्युनिस्ट सरकारने ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगार संघटना चिरडण्यासाठी लष्करी कायदा पुकारला. कामगारांच्या नावाने चालणारे सरकार कामगारांविरुद्धच उभे राहिले. तरीही संघटना तगली. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्या सुधारणांमुळे सोव्हिएत रणगाड्यांची भीती ओसरली. जून १९८९ च्या निवडणुकीत सॉलिडॅरिटीने सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा जिंकल्या आणि ऑगस्टमध्ये तिचेच मझोविएत्स्की पंतप्रधान झाले. पाश्चात्त्य देशांची मदत होती, पण राजवट हलवली ती तिथल्याच कामगारांनी.

पोलंडमधली हुकूमशाही आणि मुंबईच्या गिरणगावातली लढाऊ चळवळ यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. आठ तासांचा दिवस असो की महागाई भत्ता, गिरणगावाने लाल बावट्याखाली लढून खूप मिळवले. तरी एक धडा दोन्हीकडे सारखाच आहे : कामगारांच्या नावाने बोलणाऱ्याने कामगारांना विचारणे सोडले, की त्याचे दिवस भरतात. आज कामगारांसाठी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक संघटनेने, तिचा झेंडा कोणत्याही रंगाचा असो, हे लक्षात ठेवावे.